चारशे किलो काजू आणि एक प्लग

भाईंच्या काजू कारखान्यातली रंग ओळखणारी मशीन गेल्या हंगामात एकोणीस वेळा बंद पडली. एकोणीसही वेळा दोष एकाच वस्तूचा निघाला: कॅमेऱ्याच्या इथरनेट वायरीच्या टोकाला असते ती प्लास्टिकची जीभ. ही जीभ एसी ऑफिसात गप्प बसून राहण्यासाठी जन्माला आलेली. धामापूरच्या रस्त्यावरच्या त्या शेडमध्ये, दिवसभर थरथरणाऱ्या पट्ट्याशेजारी, ती तिसऱ्या दिवशी मोडली. त्यानंतर वायर जागेवर धरून ठेवण्याची जबाबदारी आधी रबरबँडने, मग सुतळीने, मग चिकटपट्टीने आणि शेवटी आंब्याच्या पेटीच्या फळीने सांभाळली. त्यातल्या त्यात फळीची कामगिरी समाधानकारक होती.

मशीन घ्यायचा सल्ला प्रीतमचा. कणकवलीत डिप्लोमा केलेला हा मुलगा कारखान्याचा ऑटोमेशन इंजिनिअर होता. तसं कार्ड त्याने स्वतःच छापून घेतलं होतं. विसाव्या वेळेची वाट न बघता भाईंनी त्याला बोलावलं.

"आज चार वाजता माल घेणारो पुण्याचो सायब मशीन बघूक येता हा. बंद पडली तर मी ती इकतलंय. आणि तेच्याबरोबर तुका फुकट देतलंय."

प्रीतमचा चुलतभाऊ दोडामार्गातून रोज बाईकने गोव्याला कामाला जायचा आणि मागची सीट रिकामी असल्याचं दर रविवारी न चुकता कळवायचा. नोकरी गेली तर तीच सीट; तिचं रेक्झिन प्रीतमला वाईट स्वप्नात दिसू लागलं होतं.

पण या वेळी त्याची तयारी होती. कॅमेरा नवा बसवला होता, आणि त्याच्या नव्या, बारीक तोंडात बसणारा प्लग सकाळीच कुरियरने आला होता. खोकं चपलांच्या जोडाएवढं. भाईंनी आतला कागद काढला, फुगे काढले, आणखी कागद काढला.

"आणि प्लग खंय आसा?"

"ह्यो काय, भाई."

प्रीतमच्या तळहातावर काजूच्या अर्ध्या पाकळीएवढी एक वस्तू होती.

"मेल्या, सतरा फूट मशीन, आणि ती ह्या कणयेर चलतली?"

"भाई, हेचा कवच स्टीलचा. दोन बाजूक दोन कड्यो. टक् करून बसलो की हलवा, आपटा, सुटाचो नाय. बारीक आसा म्हणान कच्चो नाय."

"माका सांगू नको. तुझ्या वयाक मी पण बारीक होतंय. कच्चोच होतंय."

तरी नवीन वस्तू ती नवीन वस्तू. या कारखान्यात साधी झाडूसुद्धा देवीसमोर ठेवल्याशिवाय कोपऱ्याला लागत नाही. भाईंनी ताटात नारळ, जास्वंद आणि दिवसाच्या मालातले मूठभर काजू घेतले, त्यांच्यावर प्लग ठेवला, प्लगला कुंकू लावलं आणि भगवतीच्या तसबिरीसमोर गाऱ्हाणं घातलं.

"बा आई भगवती म्हाराजा, आज ह्या मशिनीक जा काय नवीन बसता हा, ता जाग्यार ऱ्हवांदे. चार वाजता येतलो तो सायब गोड बोलांदे. वाईट नजरेच्या माणसाक ह्या वस्तूचो थांगपत्तो लागाक देव नको म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे म्हणाले. अगरबत्तीच्या धुराने प्रीतमचे डोळे मिटलेले होते.

ते उघडले तेव्हा ताटात फक्त नारळ आणि जास्वंद होती.

पूजेतले काजू पुन्हा मालात मिसळायचे, म्हणजे आईचा हात सगळ्या मालाला लागतो, ही भाईंच्या वडिलांपासूनची रीत. भाईंनी ताटातले काजू भक्तिभावाने मालाच्या टाकीत ओतले होते आणि फावड्याने दोनदा ढवळलेही होते. टाकीत चारशे किलो काजू होता. थांगपत्ता लागू नये, हे मागणं देवीने सरसकट मंजूर केलं होतं.

एवढी बारीक परकी वस्तू काजूतून वेचून काढील अशी एकच मशीन कारखान्यात होती. ती त्या वस्तूशिवाय चालू होत नव्हती.

"देवीक कौल लावूया काय?" भाई म्हणाले.

प्रीतमने जुन्या स्पीकरचं लोहचुंबक आणून टाकीत फिरवलं. दोन टाचण्या, एक खिळा आणि अर्धं ब्लेड निघालं. हे पुण्याच्या साहेबाला सांगायचं नाही, असं ताबडतोब ठरलं. प्लगचं स्टील उंची असल्यामुळे चुंबकाला दाद देत नव्हतं.

तेव्हा डबे सील करण्याच्या कोपऱ्यातून काशीबाई उठल्या. सव्वीस वर्षं त्यांनी हाताने काजू निवडला होता. मशीन आल्यावर त्यांच्यासकट सहा बायकांची रवानगी डब्यांवर झाली, आणि निवडीच्या टेबलावर खताच्या गोणी चढल्या. प्रीतमला त्यांनी शेजारी म्हणून उघडा फिरायच्या वयापासून पाहिलं होतं, त्यामुळे त्यांच्यावर कार्डाचा परिणाम होत नसे.

"त्यो गोणी उतर, झिला," त्या म्हणाल्या.

गोणी उतरल्या. टेबल पुसलं. बारा हात काजूवरून फिरू लागले, तोंडं शेजारच्या लग्नावर. प्रीतम घड्याळ बघत उभा होता. एक वाजला, दोन वाजले. दोन चाळीसला काशीबाई नवरीच्या आतेबद्दल बोलता बोलता थांबल्या आणि त्यांनी मूठ मिटली.

"काकी, गावलो? दी गो!"

"उद्या ह्यो टेबल हयच आसतलो?"

"ता भाईंका इचारूक होया."

"मगे इचार. तवसर मी चाय घेतंय."

भाईंनी घड्याळ पाहिलं, मूठ पाहिली. "ऱ्हवांदे टेबल," ते म्हणाले, जणू कल्पना त्यांचीच.

"कुंकू लागला हा, पुसान घाल," काशीबाईंनी प्लग देताना बजावलं. प्रीतमने दातांच्या ब्रशने प्लगच्या पोटातलं कुंकू काढलं, आठ तारा आठ जागी बसवल्या आणि तो कॅमेऱ्याच्या तोंडाला लावला.

टक्.

चार वाजता साहेब आले. मशीन धावत होती. पांढरा काजू पुढे, करपलेला खाली. भाईंचा ऊर भरून आला. सकाळी ऐकलेलं सगळं त्यांनी स्वतःचं म्हणून साहेबांना प्रमाण मराठीत सांगितलं. "बारीक आहे म्हणून कच्चा नाही, साहेब. हे बघा!" आणि त्यांनी वायर दोन्ही हातांनी ओढली.

प्लग सुटला नाही. कॅमेऱ्याचा खांब सुटला. मनगटाएवढा जाड लोखंडी खांब बोल्टांसकट उपटून आला आणि कॅमेरा भाईंकडे तोंड करून लोंबकळू लागला. मशीनने भाईंना नीट पाहिलं आणि पडद्यावर लाल अक्षरांत निकाल दिला: करपलेला माल. मग हवेचे फवारे मारून पट्ट्यावरचा एकूण एक काजू तिने खाली उडवला.

साहेब मात्र केव्हाच काशीबाईंच्या टेबलाकडे वळले होते; तिथे निवड चालूच होती. "हे काय, मशीननंतर हाताने पुन्हा तपासता?"

"कायमचं," भाई म्हणाले. "आमची दुहेरी पद्धत."

साहेबांनी वर्षभराच्या मालाची ऑर्डर दिली आणि ते गेले. प्रीतम मशीनशेजारी तसाच उभा होता.

"बंद पडली काय?" भाईंनी विचारलं.

"नाय. अजून चलता हा. सगळा करपलेला म्हणता हा."

"म्हणजे बंद पडली नाय." भाई शब्दाचे पक्के होते. "ऱ्हव मगे. आणि उद्या खांबो बघ."

काशीबाईंनी पट्ट्याखाली उडालेला काजू पदरात गोळा केला आणि टेबलावर ओतला.

"झिला," त्या म्हणाल्या, "आता खांबो पण बारीकच मागव. म्हणजे सुटाचो नाय."