कुंकवाखालचा आवाज

मित्रांनो, या, असे माझ्या अंगाशी सरकून बसा. झाकण जरा तडकलंय, तेवढं सांभाळा. आज अशी हकिगत सांगतो, की ती आठवली तरी माझ्या अंगावर काटा येतो.

मी एक जुना टर्नटेबल आहे. तबकड्या वाजवणारं यंत्र. जपानी कारखान्यात घडलो आणि वांद्र्याच्या एका हॉटेलात पंधरा वर्षं लोकांना नाचवलं. 'काय आवाज आहे!' म्हणत लोक माझ्याकडे वळून बघायचे. पुढे सीडी आल्या आणि मी अडगळीत गेलो. माझ्या पाठीवर रंगाचे डबे रचले गेले. शेवटी घाटकोपरच्या हर्षदभाईंनी मला उचललं, तेलपाणी केलं, नवी सुई बसवली आणि दुकानात मांडलं. शेजारी तबकड्या वाजवणारीच एक गुलाबी पेटी होती, अगदी कोरी.

परवा भांडुपहून प्रेमाकाकू आणि त्यांची लेक रेवती आल्या. रेवती जुन्या तबकड्यांमधले तुकडे उचलून त्यांवर नवं संगीत रचते. पण त्या दिवशी तिला एकच तबकडी ऐकायची होती. तिचे बाबा शिवदासबुवा दिवसा गिरणीत राबायचे आणि संध्याकाळी कीर्तनाला उभे राहायचे. त्यांच्या एका कीर्तनाची तबकडी निघाली होती. तिची ही शेवटची प्रत. रेवती दोन वर्षांची असताना बुवा गेले. घरात वाजवायला यंत्र नव्हतं, रेवती काम करायची दुसऱ्याच्या यंत्रावर, आणि काकू ही तबकडी कुणाच्या हाती देत नसत, त्यामुळे बाबांचा आवाज कसा, हे तिला ठाऊकच नव्हतं.

"काकी, गुलाबी दिसते झकास, पण तिचा सुईचा दांडा जड. सुई तबकडी खरवडते," हर्षदभाई म्हणाले. "ह्याचा दांडा हलका, भार कमीजास्त करता येतो. आणि रेवतीबेन, ही फिरती थाळी हाताने थांबवा, सोडा, लगेच वेग पकडते. तुमच्या कामाला हाच."

"दुसऱ्याने वापरलेला कशाला गो?" काकू पुटपुटल्या. "बाबांसाठी घेतेस तर कोरं घे."

हर्षदभाई माझी वायर आणायला आत गेले. रेवती वाकून माझी थाळी न्याहाळत होती. काकूंना धीर निघेना. त्यांनी खणात गुंडाळलेली तबकडी काढली, गुलाबी पेटीवर ठेवली आणि सुई टेकवली.

कर्रर्र!

लाल धूळ उडाली. मी हबकलोच. तबकडी काळी दिसतच नव्हती! हळद, कुंकू, वाळलेलं गंध, चिकटलेल्या अक्षता! सुई त्यातून नांगरासारखी चालली होती. मला ओरडावंसं वाटलं, पण वीज नसलेलं यंत्र ओरडणार कसं?

"आई, थांब!" रेवतीने दांडा उचलला. "हे काय गं?"

"दर दसऱ्याला पूजा करते मी," काकू म्हणाल्या. "लोक हत्यारं पूजतात, मी ह्यांची वाणी पुजली. पस्तीस दसरे झाले."

हर्षदभाई दारातच खिळले. "अरे देवा, वाट लागली!"

तासभर ते मऊ ब्रशने, थेंबाथेंबाने पाणी सोडत तबकडी धूत होते. मग ती माझ्या थाळीवर आली. दांड्याचा भार त्यांनी अगदी हलका केला. मी जीव मुठीत धरून फिरू लागलो.

नुसती खरखर. बुवांचं सुरुवातीचं नमन गेलं होतं, कायमचं. रेवतीने डोळे मिटले.

आणि अचानक खणखणीत आवाज उठला, "पुढच्या रांगेतले काका, झोपा खुशाल! पण घोरायचं ते तालात घोरा!"

तबकडीतल्या श्रोत्यांचा हशा उसळला. रेवती आ वासून बघत राहिली. "आई, बाबा असे होते?"

काकू मटकन स्टुलावर बसल्या. "अगो बाय माझे! पस्तीस वर्षं फोटोला हार घालत्ये, आणि हसवायचे कसे तेच विसरले गो मी!" त्या हसता हसता रडू लागल्या.

रेवतीने तबकडीवर बोट ठेवून मला मागे फिरवलं, सोडलं, पुन्हा मागे फिरवलं. 'तालात घोरा... तालात घोरा...'

"अगं, कीर्तन उलटं फिरवतेस?" काकू दचकल्या. क्षणभराने डोळे पुसत म्हणाल्या, "परत लाव."

त्याच संध्याकाळी मी भांडुपला आलो.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाचा आवाज जपून ठेवला असेल, तर त्यावरची धूळ झटका आणि तो ऐका. गंधफूल वेष्टनावर वाहा. प्रेमाकाकूंना मात्र नावं ठेवू नका. त्यांनी जे केलं ते मायेपोटी. आणि कधी भरल्या सभेत कुणाला डुलकी लागलेली दिसली, तर आमच्या शिवदासबुवांची आठवण काढा.