डावीकडची हूल

१. खेळातलं नाव

स्वार.

फॉर्ममधलं हे एक उत्तर तरी खरं होतं. चौदा वर्षांपूर्वी ‘दोन काठ’ या खेळात त्याला सगळे याच नावाने ओळखायचे. मग खेळ काढणारी कंपनी बुडाली, खेळणारे पांगले, नावही माळ्यावर गेलं. आता कोणीतरी ते खाली काढून धूळ झटकली होती. कोणीतरी म्हणजे मुकादम. हा शाळेत गणित शिकवायचा, आणि जगभर विखुरलेल्या त्रेसष्ट वेड्यांना हाताशी धरून त्याने मेलेला खेळ पुन्हा चालू करायचा घाट घातला होता. त्रेसष्टांपैकी कोणालाही दमडी मिळत नव्हती. कामाला मात्र सगळे लग्नघरासारखे जुंपलेले.

खेळ तसा साधा. पडद्यावर मधोमध उभी नदी. एक किल्ला वर, एक खाली. आपला माणूस जिथे पोचला नाही तिथे काळोख. घोडेस्वार काठाकाठाने धावतात. ज्याच्याकडे धीर आहे तो जमिनीखालून सुरुंग खणत जातो आणि थेट समोरच्याच्या अंगणात उगवतो. खणणाऱ्याला स्वतःच्या पडद्यावर सुरुंगाची लाल रेघ दिसते. समोरच्याला काही म्हणजे काही दिसत नाही.

काही म्हणजे काही. स्वाराने मुकादमने पाठवलेला फॉर्म तिथेच सोडला आणि कामावर गेला.

२. व्यवसाय

वजनमाप निरीक्षक. दुकानादुकानांत जायचं, पेटीतली पितळी वजनं काढायची, काट्यावर ठेवायची, काटा खरा निघाला तर त्यावर शिक्का मारायचा. त्याचा शिक्का असला की लोक दुसऱ्यांदा बघत नसत.

हे कळल्यावर मुकादमने फोनच केला.

“अहो, आधी नाही का सांगायचं! खेळाचा तोल सांभाळायला आम्ही वर्षभर माणूस शोधतोय, आणि तुम्ही काट्यावर बसून आहात.”

“तो तोल वेगळा, मुकादम.”

“तोल तो तोल. ऐका, रविवारी मतदान आहे, सुरुंग ठेवायचा की काढायचा. सुरुंगाचा कोड म्हणजे जुन्या घराची वायरिंग झालीय. हात लावला की झटका. काढला तर तीन महिने वाचतात.”

“मग काढा की.”

“तुम्ही म्हणालात तर सगळे हो म्हणतील. तसाही तुमच्या सामन्यानंतर सुरुंगाला हात लावलाय कोणी? जो तो घोडे. आठव्या मिनिटाला घोडे, बाराव्याला निकाल. मी आकडे काढले, बरं का. त्या महिन्यापासूनच माणसं गळायला लागली. कंटाळली. सगळे सामने जुळ्या भावांसारखे.” तो हसला. “म्हणजे एका अर्थी तुम्हीच मारलात खेळ. इतके भारी खेळलात.”

स्वारही हसला. फोनवर हसणं सोपं असतं, नुसता आवाज काढावा लागतो.

“आणि शुभारंभाला मोठ्या पडद्यावर तोच सामना लावणार आहोत,” मुकादम म्हणाला. “तीच आपली जाहिरात. तुम्ही यायचं, नारदासारखं इकडून तिकडे फिरायचं, पोरांशी बोलायचं. तेवढा फॉर्म भरा.”

३. ‘हूल’ ही तुमची गाजलेली चाल नव्या खेळाडूंना समजावून सांगा (शंभर शब्दांत)

शंभर शब्द कशाला? पंधरा पुरले असते.

लोकांना माहीत असलेली गोष्ट अशी. अंतिम सामना. समोर जिला सगळे कौतुकाने ‘घूस’ म्हणत ती मुलगी. सुरुंग खणण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. ती आली की पोरं ओरडायची, “घूस घेऊ नका, घूस देऊ नका.” चौदाव्या मिनिटाला स्वाराने बारा घोडेस्वार डाव्या काठाने काळोखात पिटाळले. चाळीस पावलं गेल्यावर ते थबकले, वळले, पूल ओलांडून उजव्या काठावर आले आणि नेमके अशा जागी उभे राहिले की पुढच्याच क्षणी तिचा सुरुंग त्यांच्या टापांखाली उघडला. डावीकडे हूल, उजवीकडे वार. मुकादमने नव्या खेळाडूंसाठी बनवलेल्या शिकवणीत हा सातवा धडा होता. पोरं तो घोकत होती.

आता न माहीत असलेली.

टेबलं समोरासमोर होती, दोन पडदे पाठीला पाठ लावून ठेवलेले, पण जरा सरकलेले. मधल्या फटीतून तिचा चेहरा दिसायचा. चेहऱ्यावर जाड भिंगांचा चष्मा. आणि त्या भिंगात, नखाएवढी, एक नदी. नदीच्या कडेने एक लाल रेघ पुढे पुढे सरकत होती.

डोळे वळवता आले असते. त्याने वळवले नाहीत. रेघ डाव्या बाजूला होती म्हणून त्याने घोडे डावीकडे सोडले. मग दिसलं, भिंगातल्या किल्ल्याचा मोठा बुरूजही चुकीच्या बाजूला आहे. काच उलटं दाखवते. त्याने लगाम खेचला.

चाळीस पावलांची ती चूक. तिला लोकांनी नाव ठेवलं, हूल. चांगलं नाव.

बक्षीस देताना माइकवाल्याने विचारलं होतं, “कसं काय कळलं हो?” आणि चोवीस वर्षांचा स्वार म्हणाला होता, “सगळं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.” सभागृह हसलं. तीही हसली, चष्मा काढून पुसू लागली. खोटं बोललो नाही, असं तो त्या रात्री स्वतःला म्हणाला होता. ते आठवलं की आजही त्याच्या कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या.

आणखी एक. त्याचा कंप्युटर उचलून न्यायला दादा, म्हणजे त्याचा थोरला भाऊ, आला होता. हरलेली मुलगी जिन्यात एकटी बसलेली पाहून दादाने तिला चहा विचारला. दोन वर्षांनी घूस त्याची वहिनी झाली.

रकाना रिकामाच राहिला.

४. सुरुंग खेळात राहावा का? (हो / नाही / सांगता येत नाही)

शनिवारी दुपारी तो दादाकडे जेवायला होता. जेवणं उरकल्यावर पत्ते निघाले.

“हिला नको घेऊस तुझ्या बाजूला,” दादा पत्ते पिसत म्हणाला. “हिचा चेहरा म्हणजे गावच्या चौकातला फळा. हुकूम आला की आधी हिच्या भुवया सांगतात. तूच सांगितलं होतंस की रे, स्टेजवरून.”

दादाचा हा विनोद बारा वर्षं जुना होता. स्वार दर वेळी पत्त्यांकडे बघून हसायचा.

“मी कुठे खेळतेय,” वहिनी म्हणाली. ती एका चष्म्याच्या दुकानात कामाला होती. कामाला इतकी पक्की की मालकाने तिला पुढचं काउंटर सांभाळायला तीनदा सांगितलं होतं. तिन्ही वेळा नाही म्हणून ती आतल्या खोलीत भिंगं घासत बसायची. कारण विचारलं की सांगायची, “गिऱ्हाइकाला फ्रेम शोभत नाही हे माझ्या तोंडावर दिसतं हो. धंदा बसेल त्यांचा.”

दादा पाणी आणायला उठला तशी ती हळूच म्हणाली, “भाऊजी, सुरुंग काढणार आहेत म्हणे.”

“त्यांच्या चर्चा वाचता तुम्ही अजून?”

“वाचते. लिहीत नाही.” तिने एक पत्ता उलटा करून पुन्हा सुलटा केला. “एक विचारू? डावीकडे हूल दिलीत ती कोणासाठी?”

“म्हणजे?”

“हूल द्यायची तर बघणारं कोणीतरी लागतं ना. डाव्या काठावर माझा एकही पहारेकरी नव्हता. ते रेकॉर्डिंग मी चाळीसेक वेळा पाहिलं असेल. काळोखाला हूल देतं का कोणी?”

स्वाराने हातातले पत्ते पुन्हा लावले. “सवय होती तशी,” तो म्हणाला.

“हं. मला वाटायचं, मी उजवीकडे बघत असेन. नकळत. म्हणून मग मी आरशासमोर बसून सराव करायचे, नजर हलू न देण्याचा. नाहीच जमलं असणार.” ती हसली. “जाऊ दे. काढतायत तर काढू दे. कमकुवतच होता म्हणायचा.”

दादा पाण्याचा तांब्या घेऊन आला. स्वाराने त्याच्या हातून पेला घेतला आणि एका दमात संपवला, म्हणजे तेवढा वेळ तोंडासमोर काहीतरी धरता आलं.

५. आणखी काही सांगायचं आहे?

~~त्या सामन्यातील माझ्या चालीबाबत एक तांत्रिक बाब~~

~~त्या काळी नियम पुरेसे स्पष्ट नव्हते~~

स्पष्ट होते. भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलं होतं, समोरच्याच्या पडद्याकडे पाहू नये.

~~पडद्याकडे मी पाहिलं नाही~~

~~मी~~

घरी ‘मी’च्या पुढे हात चालेना. स्वाराने फॉर्म फोनवर तसाच उघडा ठेवला आणि संध्याकाळी वहिनीच्या दुकानात गेला. पुढे काउंटरवर मालक होता. त्याने मानेनेच आतल्या खोलीच्या दारावरचा पडदा दाखवला.

“चष्मा लागला वाटतं,” वहिनी म्हणाली. “बसा. चाळिशी कोणाला चुकलीय.”

“वहिनी, साध्या काचेचा चष्मा आहे का? जुन्यासारखा.”

“चकाकतो तो. हल्ली कोणी घेत नाही, सगळे चकाकी घालवणारा लेप लावलेलीच काच मागतात.”

“मला नकोय. तुम्ही घाला.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग खणातून एक धूळ खात पडलेली फ्रेम काढली, फडक्याने पुसली, स्वतःचा चष्मा उतरवून ती घातली. जुनी घूस समोर बसली होती, कानाजवळ चार केस पांढरे घेऊन.

“आता त्या कंप्युटरसमोर बसा. पडदा मला दिसू नये असा वळवा. आणि त्यावर एक लाल रेघ काढा. कुठेही.”

“हे काय आता, पोरखेळ?”

“काढा ना.”

ती माउस हलवू लागली. स्वार टेबलाच्या पलीकडे उभा राहिला. रोजचं काम करावं तसं सोपं होतं ते, हीच त्यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट.

“डावीकडे,” तो म्हणाला. “वरून खाली येतेय. आता थांबली.”

वहिनीने पडद्याकडे पाहिलं. “उजवीकडे आहे,” ती म्हणाली. “तुमचं चुक...”

तिचा हात माउसवर तसाच राहिला. बाहेर मालक कोणाला तरी गुरुवारी या म्हणून सांगत होता.

“चाळीस पावलं,” ती शेवटी म्हणाली.

“हो.”

“मग कळलं.”

“बुरूज उलट्या बाजूला दिसला. तेव्हा.”

तिने चष्मा काढला आणि भिंगांकडे असं पाहत राहिली जणू अजून आत नदी असावी. “म्हणजे माझा चेहरा...”

“चेहऱ्यावर काहीच नव्हतं, वहिनी. दगड होता. शपथेवर सांगतो. मी अख्खा सामना शोधत होतो, काही सापडलं नाही म्हणून तर काचेत बघितलं.”

ती पिवळ्या फडक्याने भिंगं पुसू लागली. स्वाराला वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं. “माफ करा,” तो म्हणाला. धान्याच्या पोत्यासमोर दुसऱ्या पारड्यात एक ग्रॅमचं वजन ठेवावं तसा तो शब्द पडला. पारडं हललंही नाही.

“चौदा वर्षं मी या खोलीत बसते, भाऊजी,” ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, हिशोब मागणारा नव्हता, म्हणून जास्तच लागला. “यांना माहितीये?”

“दादाला? नाही.”

“ते मी सांगेन. तुम्ही तिकडचं लिहा.” तिने कीबोर्ड त्याच्याकडे सरकवला आणि उठून खुर्ची रिकामी केली. “इथेच लिहा. घरी गेलात की पुन्हा शब्द शोधत बसाल.”

“मुकादम म्हणेल, खेळ आत्ता कुठे उठून बसलाय.”

“मग त्याला खरं सांगा, कशाने पडला होता ते. आणि डावं-उजवं नीट लिहा. पोरं घोकतायत.”

स्वार तिच्या खुर्चीत बसला. पडद्यावर लाल रेघ अजून तशीच होती, उजव्या बाजूला. त्याने फॉर्म उघडला. चौथ्या प्रश्नापुढे ‘हो’ निवडलं. तिसऱ्यात लिहिलं: *हूल नव्हती. मी तिच्या चष्म्यात तिचा पडदा पाहिला, आणि तोही उलटा वाचला. सुरुंग बिनतोड होता. सातवा धडा काढून टाका.* शंभर शब्द लागले नाहीत.

एवढ्यात बाहेरून मालकाची हाक आली. त्याला जरा मागच्या गल्लीत जायचं होतं, गिऱ्हाईक थांबलं होतं, दोन मिनिटं कोणी बघेल का? एरवी वहिनीने मालकाला थांबवून धरलं असतं. आज तिने हातातल्या त्याच पिवळ्या फडक्याने तोंड पुसलं, स्वतःचा चष्मा घातला आणि बाहेर गेली.

दारावरच्या पडद्याच्या फटीतून स्वाराला काउंटर दिसत होतं. एका जाड्या गृहस्थांनी चौकोनी, काळी, भली मोठी फ्रेम घातली होती.

“कशी दिसतेय?” त्यांनी विचारलं.

“शोभतेय तुम्हाला,” वहिनी म्हणाली.

स्वाराने फटीतून तिचा चेहरा नीट पाहिला. भुवया, ओठ, नजर. खरं बोलतेय की काय, काही म्हणजे काही कळेना. तिच्या भिंगांवर लेप होता, त्यांतही काही नव्हतं.

मग त्याला कळलं की आपण पुन्हा फटीतूनच बघतोय. त्याने मान खाली घातली आणि फॉर्म पाठवला.