देवकाबाईंच्या कानात

“मॅडम, श्वासच थांबलाता. श्वासाची नळी टाकली, हवेचा फुगा दाबून राह्यलो. पण घरचे म्हणतात, बाई गेली, आता घरी नेऊ द्या!”

वडनेरच्या दवाखान्यातले डॉ. गजेंद्र पडद्यावर घामाघूम दिसत होते. इकडे सेवाग्रामला डॉ. हर्षा राठी खुर्चीत पुढे सरकल्या. साल २००६. टेलिमेडिसिनचं यंत्र नवं होतं आणि भलतंच लहरी. चित्र मधेच थिजायचं.

अतिदक्षता विभागात चौदा वर्षं काढलेल्या हर्षाबाईंची एक खोड होती. बेशुद्ध पेशंटशीही त्या गप्पा मारायच्या. आज पोळा आहे, ऊन मी म्हणतंय, तुमचे जावई आलेत. “मॅडम भिंतीचीही ख्यालीखुशाली विचारतील,” असं शिकाऊ डॉक्टर म्हणत. त्या हसत. पण शुद्धीवर आल्यावर एकानंही ‘ऐकलं होतं’ असं सांगितलं नव्हतं, हे त्यांना मनातून लागायचं.

“पहाटे पोट दुखत होतं?” त्यांनी विचारलं.

“हो. जमिनीवर झोपल्या होत्या. सकाळी पापण्या मिटल्या त्या मिटल्याच. चावल्याची खूण नाही.”

“मण्यार सापच. त्याच्या विषानं अंग लुळं पडतं, पण माणूस आत जागं असतं. सापाच्या विषावरची लस सुरू करा, फुगा सोडू नका, गाडीत घाला आणि इकडे आणा.”

पण पेशंटचे, म्हणजे देवकाबाईंचे, यजमान नत्थूजी दारात आडवे उभे. “डाक्टरीनबाई, मेल्या मानसाचे हाल काऊन करून राह्यले? तिले घरी नेऊ द्या.”

हर्षाबाईंना रडूही आलं आणि रागही. त्यांचा हात तिथवर पोचत नव्हता, आवाज तेवढा पोचत होता.

“नत्थूजी, त्या ऐकतायत. कानाशी जा अन् बोला. देवकाबाई, ऐकू येत असेल तर पायाचा अंगठा हलवा!”

“काय बोलू?”

“इतक्या वर्षांत राहून गेलं असेल ते.”

नत्थूजी वाकले. “देवके, तुह्या वांग्याच्या भाजीले मी जनमभर नावं ठेवली. खोटं बोललो वं. तशी भाजी कोनालेच जमत नाई. मले सोडून नको जाऊ.”

चित्र थिजलं. हर्षाबाईंनी पदराचं टोक मुठीत आवळलं. मग नुसता गजेंद्रांचा आवाज आला, “हलला! मॅडम, अंगठा हलला!”

देवकाबाईंच्या आधी नत्थूजीच गाडीत चढून बसले.

चौथ्या दिवशी सेवाग्रामला देवकाबाईंची नळी निघाली. हर्षाबाई खाटेशी आल्या. “कसं वाटतंय?”

“तुमीच त्या!” बसक्या आवाजात त्या म्हणाल्या. “अंगठा हलवा म्हनल्या. पुरा जीव लावला मी.”

चौदा वर्षांनी उत्तर आलं होतं. सगळ्यांसमोर हर्षाबाईंनी डोळे पुसले, आणि त्यांना मुळीच लाज वाटली नाही.

देवकाबाईंनी पायथ्याशी उभ्या नत्थूजींकडे बोट केलं. “यायले पुन्हा एकडाव बोलाले लावा. तवा डोये मिटले होते, तोंड पाह्यचं राह्यलं.”

नत्थूजींनी टोपी काढली, घसा खाकरला. शेजारच्या दोन खाटांवरचे पेशंट बेशुद्धच होते. हर्षाबाई त्यांच्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, “ऐका हं.”