सही माझी नव्हती

मी एक जुनं शाईचं पेन आहे. अमेरिकेत, नेब्रास्का राज्यातल्या एका छोट्या संग्रहालयात काचेखाली पडून असतं. टोपण तडकलेलं आहे, पण त्याची मला लाज नाही.

मित्रांनो, माझे पहिले मालक लोवेल हॅस्केट टपाल वाटायचे. वाईट बातमीचं पत्र असलं की ते टोपी काढून पायरीवर उभे राहत आणि घरच्यांचं वाचून होईपर्यंत हलत नसत. "टाकून पळायला आपण काय पेपरवाले आहोत?" असं ते मुलाला, मेरिटला, बजावत.

हा मेरिट पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. लढाईत गेलेल्या प्रत्येक सैनिकाच्या घरी तो माझ्याच शाईनं पत्र लिही. त्याचं फार कौतुक झालं. मीही जरा फुगलंच होतं.

मग दुसरी निवडणूक आली. सचिव मिस डोरन्स म्हणाल्या, "साहेब, आज तीन सभा आहेत. पत्रं टाइप करून सही यंत्रानं करू का? हुबेहूब येते. कुणाच्या आईलाही कळणार नाही."

"बरं, या वेळेपुरतं."

या वेळेपुरतं म्हणता म्हणता एकेचाळीस पत्रं गेली. मी खणात सुकत पडलं.

एक दिवस ओहायोहून पाकीट परत आलं. व्हर्ना टॉलिव्हर या बाईंचा मुलगा रसेल आणि शेजारणीचा मुलगा एकाच आठवड्यात गेले होते. दोघींनी पत्रं एकावर एक धरून खिडकीच्या काचेला लावली, तर सह्या तंतोतंत जुळल्या. माणसाची सही अशी कधी जुळते का? परत पाठवलेल्या पत्राखाली बाईंनी लिहिलं होतं, 'रसेलला मरायला तुम्ही पाठवलंत. निदान सही करायला तरी माणूस हवा होता.'

मेरिटनं ते वाचून मला खणातून बाहेर काढलं. मग त्यानं सभा रद्द केल्या.

"साहेब, लोक काय म्हणतील?" मिस डोरन्सनी विचारलं.

"लोकांचं राहू द्या. माझे बाबा काय म्हणाले असते?"

त्यानं एकेचाळीस पत्रं पुन्हा लिहिली. व्हर्नाबाईंचं घेऊन तो स्वतः गेला आणि हॅट काढून पायरीवर उभा राहिला.

"आता कशाला आलात?"

"तुमचं वाचून होईपर्यंत थांबतो, बाई."

त्यांनी उभ्यानंच वाचलं. "आता खरं लिहिलंत," त्या म्हणाल्या. "पण हे पहिल्यांदाच यायला हवं होतं." आणि दार लावून घेतलं. मेरिट कितीतरी वेळ तिथंच उभा होता. मी त्याच्या खिशात होतं. इतकं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं.

निवडणूक तो हरला. आता विद्वान मंडळी म्हणतात, गरिबीतून आला, अभ्यासू होता, निर्धाराचा होता, म्हणून थोर झाला. असेलही. पायरीबद्दल मला कुणी विचारत नाही. शेजारी ते यंत्र ठेवलंय. मुलं बटण दाबून त्याची सही घरी नेतात.

मित्रांनो, कुणाच्या दुःखात दोनच ओळी लिहा, पण आपल्या हातानं लिहा आणि वेळेवर लिहा. उशिरा लिहिलेलं खरं पत्र मी पाहिलंय. ते वाचून बाईंनी दार लावलं होतं.