शिवलीला बघायला आलेली पाच पोरं

महालिंगप्पांनी मला मारलं नाही. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. नाहीतर पुढं मी एकटाच घाबरेन आणि तुम्ही निवांत बसाल.

येडशीजवळ आमच्या गावामागं एक टेकडी आहे. तिला धड नाव नव्हतं. लोक नुसतं 'ती बोडकी' म्हणायचे. तीन महिन्यांपूर्वी मी फोनच्या नकाशात तिच्यावर बोट ठेवलं आणि 'शिवलीला शिखर' असं नाव टाकून दिलं. शिवलीला ही किराणावाल्या महालिंगप्पांची मुलगी. तिला सांगायचं धाडस नव्हतं, म्हणून सगळ्या जगाला सांगितलं.

रविवारी मी त्यांच्याच दुकानात शेंगदाणे घेत होतो. पाठीला पिशव्या लावलेली सोलापूरची पाच पोरं आली.

"काका, शिवलीला बघायला आलोय."

अप्पांनी तराजू खाली ठेवला. घरात हाक मारली, "पोहे टाका गं, पाव्हणे आलेत!" मग पाचही जणांना न्याहाळत हळूच विचारलं, "ह्यातलं नवरदेव कोणतं म्हणायचं?"

"नवरदेव? काका, आम्ही नकाशात बघून आलोय."

"नकाशात?"

पोरानं फोन पुढं केला. अप्पांनी चष्मा लावला. पोरीचं नाव, टेकडीचा फोटो, पाचातले चार तारे. एक तारा कमी, कारण कुणीतरी 'सावली नाही' असं लिहिलं होतं.

"रणधीर, तू कॉम्प्युटरवाला. कुणाचं काम रं ह्ये?"

"मला काय म्हाईत, अप्पा." मुठीतले शेंगदाणे घामानं भिजले होते.

अप्पा बाहेर गेले. टेकडीकडं लई वेळ बघितलं. मग गळ्यातल्या लिंगाला हात लावला.

"माणसाचं काम न्हाय ह्ये. शिवाची लीला!"

मी भिजलेले शेंगदाणे एकदाचे तोंडात टाकले.

शिवलीला पोहे घेऊन आली. बापाकडं न बघता माझ्याकडं बघत म्हणाली, "व्हय अप्पा. माणूस असता तर जरा उंच टेकडी तरी बघितली असती."

सहा बश्या होत्या. लिंबू फक्त माझ्या बशीत होतं.

त्याच संध्याकाळी मी अर्ज लिहिला:

'मा. तहसीलदार साहेब, शिवलीला शिखराशेजारची टेकडी आजतागायत बेवारस आहे. तिला 'रणधीर' हे नाव देण्यात यावे, आणि दोन्ही टेकड्यांमधले दीड किलोमीटर अंतर शासकीय खर्चाने कमी करून मिळावे, ही नम्र विनंती.'