सात-दहाची गंगा

बरोबर सात वाजून दहा मिनिटांनी गंगा वर यायची.

विहिरीच्या कठड्याभोवती दोनेकशे माणसं हात जोडून उभी असायची. वाडीच्या तोंडापासून पार ठाकूरद्वार नाक्याच्या दिशेने चपलांची रांग. जलानंद महाराज डोळे मिटून "ये माते!" अशी आरोळी ठोकत, आणि ती खरंच येई. आतल्या दगडावर शेंदराची रेघ ओढलेली होती. पाणी हळूहळू चढायचं, रेघेला टेकायचं, मग रेघ बुडायची. चांगलं वीतभर. ना मोटर, ना खटपट. शंख वाजे आणि बायका डोळे पुसत.

रविवारी मात्र गंगा नऊशिवाय यायची नाही. महाराजांकडे त्याचंही कारण होतं. शनिवारी ती चौपाटीला सागराला भेटायला जाते, म्हणून उशीर होतो. एका गुरुवारी ती आलीच नाही, त्या दिवशी तिचं मौन होतं. त्याच गुरुवारी नाक्यावरची पाण्याची लाइन फुटली होती, पण या दोन गोष्टी एकत्र मांडून बघायचं कुणाच्या मनात आलं नाही. खोटं कशाला बोला, माझ्याही आलं नाही.

मुळात आम्हाला विहीर नकोच होती. आम्हाला हवी होती सेप्टिक टाकी.

मी वाडीच्या सोसायटीचा सेक्रेटरी. हे पद मला निवडणुकीने मिळालं नाही, सभेला उशिरा पोचल्यामुळे मिळालं. गिरगावात गटारं इंग्रजांच्या काळापासून आहेत, पण फणसवाडीतली आमची रातांब्याची वाडी रस्त्यापेक्षा पुरुषभर खोल. आमचं मैलापाणी चढ चढून मुख्य गटाराला मिळायला तयार होईना, म्हणून पूर्वजांनी वाडीपुरती जमिनीखाली टाकी बांधली. अठ्ठेचाळीस बिऱ्हाडांचं सगळं त्यात जायचं. गाळ तळाशी बसायचा, पाणी पुढे जायचं. पुढे म्हणजे कुठे, हे कुणी विचारलं नाही. फ्लश ओढला की विषय संपला, अशी आपली नागरी श्रद्धा.

त्या टाकीला तडे गेले, ती तुडुंब भरली, आणि दोन वर्षं बारा सभा घेऊन आम्ही नवी बसवायचा ठराव केला. काम बघायला कंत्राटदाराचा इंजिनियर आला, अभय कासारे. लालबागच्या चाळीत वाढलेला, बोलायला तिखट, कामाला चोख. खणायला लागून तिसऱ्याच दिवशी पहारीला घडीव दगडाचं गोल बांधकाम लागलं. आत वाळू आणि दगडगोटे भरलेले. वरचा थर काढला तशी खालून पाणी आलं.

आमचे चेअरमन मनमोहनराव चौऱ्याऐंशी वर्षांचे. ते काठी टेकत आले आणि हात जोडून उभे राहिले. "अरे, ही आपली जुनी विहीर! माझी आजी इथे साती आसरांची ओटी भरायची!"

अभय ओणवा झाला. ओंजळभर पाणी घेऊन त्याने नाकाशी नेलं. "काका, हे संडासाचं पाणी आहे."

"तुम्हाला विहिरींचं काय माहीत हो?"

"विहिरींचं आमच्या लोकांना जरा जास्तच माहीत आहे, काका," अभय म्हणाला आणि हात धुवायला गेला.

संध्याकाळपर्यंत विहिरीवर हळदकुंकू पडलं. दुसऱ्या दिवशी जलानंद महाराज अवतरले. पूर्वाश्रमी ते रे रोडकडे पाण्याचे वीस लिटरचे जार घरोघर पोचवत, त्यामुळे तहानलेला माणूस ओळखायची त्यांची साधना होती.

"बेटा, पन्नास वर्षं माता कोंडली होती," ते म्हणाले. "वास येतो म्हणता? तो पाताळाचा वास. गंगा नाकाने हुंगायची नसते, श्रद्धेने हुंगायची असते."

त्यांच्याजवळ मानसरोवरातला स्फटिक होता. संध्याकाळी विहिरीचं पाणी तांब्याच्या हंड्यांत भरायचं, त्यात हा स्फटिक मंत्र म्हणत फिरवायचा, आणि सकाळी ते गढूळ पाणी काचेसारखं नितळ झालेलं असायचं. तेच तीर्थ म्हणून वाटत. स्फटिक भक्तांचं पाप शोषून झिजतो, असं महाराज सांगत. आला तेव्हा तो नारळाएवढा होता. महिन्याभरात लिंबाएवढा झाला. आमच्या वाडीच्या पापाचा इतका ठोस पुरावा यापूर्वी कुणी दिला नव्हता.

टाकीचं काम अर्थात थांबलं. देवीच्या शेजारी संडासाची टाकी? शोभतं का?

माझ्या शेजारच्या बिऱ्हाडात राजलक्ष्मीवहिनी, त्यांचा मुलगा गंधार आणि सून सुरुची. सुरुचीला तेव्हा सहावा महिना लागला होता. त्याआधी दोनदा त्या घरात पाळणा आला होता आणि दोनदा न बांधताच परत गेला होता. वहिनी रोज आरतीहून चांदीच्या वाटीत तीर्थ आणायच्या आणि सून ते पिईपर्यंत समोर उभ्या राहायच्या.

"वहिनी, डॉक्टरांना विचारलंत का?" मी एकदा गॅलरीतून म्हटलं.

"डॉक्टरांनी दोनदा काय दिवे लावले, भावजी?"

सुरुची हसली. "काका, नळाचं पाणी मी उकळूनच पिते. ही एवढीशी वाटी. आईंना बरं वाटतं, मग मलाही बरं वाटतं."

दुसऱ्या आठवड्यात सोसायटीच्या कपाटात नकाशा शोधताना मला १९७४ सालचं इतिवृत्त सापडलं. ठराव क्रमांक चार: "शोषखड्ड्यासाठी वेगळी जागा नसल्याने बंद पडलेली विहीर वाळू व दगडांनी भरून संडासाच्या टाकीचे सांडपाणी तीत सोडावे. सर्वानुमते मंजूर." खाली सूचकाची सही. मनमोहन.

मी ते घेऊन मनमोहनरावांकडे गेलो. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा काढून पुसला.

"सही माझीच आहे," ते म्हणाले. "पण तेव्हा तिथे देवी नव्हती."

"पाइप अजून तिथेच आहे, मनमोहनराव."

"हे बघ, लोकांच्या भावना आहेत. तू असं गॅलरीतून ओरडू नकोस. रीतसर सभेपुढे ठेव. सर्वसाधारण सभेला चौदा दिवसांची नोटीस लागते, ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. मी नोटीस लावली. "विषय क्र. ६: विहिरीच्या पाण्याबाबत माहिती देणे." अक्षर सुवाच्य होतं. चौदा दिवसांनी सभेला सहा माणसं आली. बाकीची आरतीला होती. गणपूर्ती न झाल्याने सभा पुढे ढकलली आणि मी पुन्हा नोटीस लावली. या सगळ्या दिवसांत वहिनी माझ्या दारावरून वाटी घेऊन जायच्या. मी "आरती झाली का?" असं विचारायचो.

सहाव्या आठवड्यात अभय आला. काम करायचंय की खड्डा बुजवायचाय, एवढंच त्याला विचारायचं होतं. मी त्याच्यापुढे इतिवृत्त ठेवलं.

"हे कधी सापडलं तुम्हाला?"

"झाला असेल महिना."

"मग मुहूर्त बघत होतात काय?"

त्याने डोक्याला हात लावला. "काका, नळाला पाणी कधी येतं?"

"साडेसहाला."

"मग संडासापुढे रांग कधी लागते?"

"तेव्हाच की."

"आणि रविवारी लोक उठतात कधी?" तो हसला नाही. "टाकी गच्च भरलीय, आत थांबायला जागा नाही. वरून जेवढं पडतं, तेवढं दुसऱ्या टोकाने विहिरीत ढकललं जातं आणि दिवसभरात जमिनीत मुरतं. तुमची गंगा टाइमटेबलवर चालते, काका, आणि ते टाइमटेबल तुमचं पोट ठरवतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला त्याने वाडीतल्या प्रत्येक संडासात हिरवा रंग ओतला. गळती शोधायला प्लंबर वापरतात तो, कपभर टाकला की हौद रंगतो. मग आम्ही दोघं गर्दीत जाऊन उभे राहिलो.

सात-दहाला "ये माते" झालं. रेघ बुडली. सात-वीसला पाण्यात एक हिरवा धागा दिसला. सात-पंचवीसला अख्खी विहीर पोपटी.

अभय कठड्यावर चढला. पहारीने त्याने आतले दोन दगड सरकवले. मागे बिडाचा पाइप होता आणि त्याच्या तोंडातून हिरवं पाणी भळभळत होतं. "बघा! हा रंग मी तुमच्या संडासात टाकलाय. हा पाइप तुमच्या टाकीतून येतो. तुम्ही दीड महिना आपलंच पिताय!" मग त्याने महाराजांच्या मुठीतला स्फटिक काढून घेतला आणि उंच धरला. "आणि ही तुरटी. दाढीनंतर न्हावी गालावर फिरवतो ती! गाळ खाली बसतो हिने. रोगाचे जंतू नाही बसत!"

पुढची रांग पाऊलभर मागे सरली. एखाददुसरा नाकाला रुमाल लावू लागला. पाच सेकंद असतील. त्या पाच सेकंदांत मला वाटलं, जमलं.

मग महाराजांनी दोन्ही हात वर केले. "माता प्रसन्न झाली! हिरवा शालू नेसली!"

"हरितगंगा माते की जय!" मागून कुणीतरी ओरडलं. आणि लोक बाटल्या घेऊन पुढे घुसले. हिरवं पाणी संपायच्या आत भरून घ्यायचं होतं. मनमोहनरावांनी पाइपला हार घातला. दोन तरुणांनी अभयची कॉलर धरली. तीर्थात विष कालवलं, भावना दुखावल्या, अशी त्याच्यावर तक्रार झाली. जाताना तो मला एवढंच म्हणाला, "मला जे करायचं ते मी केलं. ज्यांनी ते प्यायलंय त्यांना तरी दवाखान्यात पाठवा."

मी जिना चढून शेजारचं दार ठोठावलं. सहा आठवड्यांत पहिल्यांदा. सुरुची खुर्चीत बसली होती. दोन दिवस अन्नावरची वासना उडाली होती तिची. उजेडाकडे मान वळवली तेव्हा तिचे डोळे पिवळे दिसले.

"कांती बघा कशी हळद लागल्यासारखी झालीय," वहिनी कौतुकाने म्हणाल्या. "तेज आलंय."

टॅक्सी मीच बोलावली. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून पाण्याबद्दल विचारलं आणि मी सगळं सांगितलं. मैल्याच्या पाण्यातून होणारी कावीळ, ते म्हणाले. इतरांना ती बहुधा महिन्या-दीड महिन्यात उतरते. गरोदर बाईच्या बाबतीत तशी खात्री देता येत नाही.

सुरुची वाचली. बाळ नाही. मुलगी होती.

सुरुचीला भेटायला गेलो तेव्हा वहिनी भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यांच्या पिशवीतून हिरव्या बाटलीचं टोक दिसत होतं. डॉक्टरांना मी इतिवृत्ताबद्दलही सांगितलं होतं, ते सुरुचीने ऐकलं होतं.

"काका, तो कागद तुम्हाला केव्हा सापडला होता?"

"सुरुची, मी नोटीस लावली होती."

"नोटीस," ती म्हणाली, आणि तिने डोळे मिटले.

वाडीत आणखी नऊ जणांना कावीळ झाली. त्यांनी काविळीची माळ गळ्यात घालून घेतली. ते बरे झाले, त्याचं श्रेय माळेने आणि गंगेने वाटून घेतलं. सुरुचीचं काय, असं मी विचारलं तर महाराज म्हणाले की तिची श्रद्धा कमी पडली. टाकीचा ठराव रद्द झाला. विहिरीवर संगमरवरी घुमटी बांधायचं ठरलं. त्या सभेला गणपूर्ती झाली.

या गोष्टीतून वाडीने काही बोध घेतला नाही, तेव्हा निदान तुमच्याजवळ मागणं मागतो. पाणी असो, अंगारा असो, औषध असो, ते कुठून येतं हे विचारा. लाजू नका. आपोआप नितळ झालेलं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका, आणि उकळू न देणाऱ्याच्या हातचं तर मुळीच पिऊ नका. आणि तुम्हाला खरं कळलं असेल, तर ते त्याच क्षणी, दार ठोठावून, ओरडून सांगा. भावना दुखावतात, पण त्या बऱ्या होतात. चौदा दिवस थांबू नका.

मी अजून सेक्रेटरी आहे. अजून तिसऱ्या मजल्यावरच राहतो. वाडीत दुसरी सोय नाही, तेव्हा पाणी आलं की मीही बादली घेऊन संडासाच्या रांगेत उभा राहतो. माझा नंबर साधारण सातला लागतो.

दहा मिनिटांनी खाली शंख वाजतो.