स्टिकची गवसणी

स्केट्स घालून हॉकी खेळणाऱ्या मुली लातुरात मोजून नऊ. त्यातली सगळ्यात जास्त ब्लेड झिजवणारी मी, जिक्रा. ब्लेड म्हणजे स्टिकचा खालचा वाकडा भाग, ज्यानं चेंडू मारायचा. आमच्या मैदानाचं सिमेंट किसणीसारखं. दोन महिन्यांत दोन स्टिक गेल्या. तिसरीच्या ब्लेडची टाचही, म्हणजे दांड्याकडचा मागचा कोपरा, पातळ झाली, तेव्हा आमच्या कोच उज्वला मॅडम म्हणाल्या, "नवी पुण्याहून यायला पंधरा दिवस लागतेत. रविवारी नांदेडला मॅच हाय. ही टिकली तर खेळशील, न्हाई तर बाकावर."

बाकावर बसायला मी स्केटिंग शिकले नव्हते. टेप गुंडाळून पाहिली, मेणबत्ती घासून पाहिली. सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला, तर ब्लेड जमिनीलाच चिकटायला लागलं. शेवटी अब्बांकडे गेले. माझे अब्बा, दिलशाद टेलर, उसवलेलं काहीही दिसलं की त्यांचे हात शिवशिवतात. नवरदेवाचं घ्यावं तसं त्यांनी ब्लेडचं माप घेतलं आणि जाड कॅनव्हासची, दुहेरी शिलाईची गवसणी शिवून दिली.

तीन दिवसांत तिच्या टाचेला भोक पडलं. अब्बांनी गवसणी उजेडात धरली, उलटसुलट पाहिली. कॉलर बघून माणूस कोणत्या कुशीवर झोपतो हे सांगणारे ते.

"चेंडू कुठं लागतो?"

"मध्ये. टोकाकडं."

"तिथली शिलाई तर कोरी हाय. बेटा, हे खेळून न्हाई झिजलं, टेकून झिजलंय. तू काठी टेकून उभी राहायलीस."

मला असा राग आला की मी अर्ध्या ताटावरून उठले. शिंप्याला हॉकीतलं काय कळतं? पण खरं सांगायचं तर ते बरोबर होते. दिवाळीत मी हनुवटीवर आपटले होते, तीन टाके पडले. तेव्हापासून चेंडू आला की मी काठीवर भार टाकून उभी राहायची आणि दुसरं कुणीतरी जाईल याची वाट बघायची. मी घाबरले होते. हे मॅडमना कळलं नव्हतं, मी स्वतःलाही कळू दिलं नव्हतं. कॅनव्हासनं चुगली केली.

अब्बांनी टाचेला ठिगळ लावून दिलं. रविवारी पंचांनी ते बोटानं चाचपलं आणि मान डोलावली. खेळ सुरू झाला, सवयीनं मी काठी टेकली आणि ठिगळ आठवलं. ते गेलं की ब्लेड गेलं, आणि मग बाक. काठी उचलली. आता आधार नाही म्हटल्यावर जागेवर थांबता येईना, पुढे जावंच लागलं. चेंडूपर्यंत पोचले, पडले, उठले, परत पडले. आम्ही एका गोलनं हरलो. आमचा एकुलता एक गोल माझा होता, हे मुद्दाम सांगते.

लातुरात परतून दुकानात शिरले तर अब्बांनी मला पाहायच्या आधी गवसणी पाहिली. टाचेचं ठिगळ जसंच्या तसं, टोकाची शिलाई पार उसवलेली. मग त्यांची नजर माझ्या ट्रॅकपँटवर गेली. उजवा गुडघा फाटून लोंबत होता.

"बदलून दे. शिवतो."

सकाळी पँट खुंटीला होती. कॅनव्हासचं जाड ठिगळ, दोन्ही गुडघ्यांना.

"अब्बा, डावा तर फाटलाच नव्हता."

"फाटंल की," सुईत दोरा ओवत ते म्हणाले. "अजून लई पडायचं हाय तुला."